सूत, यंत्र आणि माणूस
(इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीचा जमाखर्च)

अन्नाच्या खालोखाल माणसाची मोठी गरज म्हणजे वस्त्र. आपल्या समाजातील अनेक घराण्यांचा चरितार्थ पिढ्यान् पिढ्या कापडाच्या व्यापारावर चालत आला आहे. पेढीवर बसून आपण रोज थानेच्या थाने उलगडतो, पोत पाहतो, भाव ठरवतो आणि कापड मोजून देतो. परंतु हे कापड सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणणारी यंत्रे कोठे जन्मली, ती कोणी घडविली आणि त्यांच्यामुळे माणसांच्या जीवनात कोणती उलथापालथ झाली, याचा विचार करण्यास सहसा सवड मिळत नाही. आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने तो विचार वाचकांपुढे मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाकडे पाहताना एक माप हाती असावे. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतील अतिभारारोपण म्हणजे आपल्या आश्रयास असलेल्या जीवावर त्याच्या शक्तीपलीकडचे ओझे लादणे. बैलाच्या पाठीवरील गोणीपुरता हा विचार मर्यादित नाही. माणसाकडून घेतलेल्या श्रमालाही तो लागू पडतो. औद्योगिक क्रांतीची सर्व यंत्रे माणसाचा भार हलका करण्यासाठी जन्मली. तो भार खरोखर हलका झाला, की एका खांद्यावरून दुसऱ्या, अधिक दुबळ्या खांद्यावर गेला, हा प्रश्न विचारल्याशिवाय या क्रांतीचा जमाखर्च पुरा होत नाही.

भारतीय छीट आणि इंग्लंडची अस्वस्थता

इंग्लंडमधील या क्रांतीची पहिली प्रेरणा भारताच्या कापडातून मिळाली, हे अनेकांना ठाऊक नसते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने भारतातील सुती कापड लंडनच्या बाजारात नेले. कालिकत बंदरावरून 'कॅलिको' हे नाव पडले आणि आपल्या 'छीट' या शब्दापासून इंग्रजीत 'चिंट्झ' हा शब्द रूढ झाला. वजनाला हलके, धुतल्यावर रंग न सोडणारे, नक्षीदार आणि परवडणारे असे हे वस्त्र तेथील स्त्रियांना इतके आवडले की लोकर व रेशीम विणणाऱ्या इंग्रज कारागिरांचे धाबे दणाणले.

त्यांच्या दडपणामुळे १७०० साली इंग्लंडच्या संसदेने पूर्वेकडील छापील सुती कापडाच्या आयातीवर बंदी घातली. तरीही मागणी कमी होईना. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील विणकरांनी दंगल केली आणि छीट नेसलेल्या स्त्रियांच्या अंगावरील वस्त्रे फाडली. अखेर १७२१ मध्ये बहुतेक छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली. बाजारपेठ तयार, मागणी भरपूर आणि भारताचा माल बंद, ही स्थिती कोणत्याही उद्योजकाला खुणावणारीच होती. लँकेशायर परगण्यातील दमट हवा सुताला मानवणारी होती, डोंगरांतून वाहणारे ओढे होते, जमिनीखाली दगडी कोळसा होता आणि लिव्हरपूलचे बंदर जवळ होते. प्रश्न होता तो फक्त भारतीय कारागिराच्या बोटांची बरोबरी कशी करायची, एवढाच.

धोट्यापासून म्यूलपर्यंत

पहिली मोठी सुधारणा मागावर झाली. पूर्वी विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे. त्यामुळे हात पुरेल तेवढ्याच पन्ह्याचे कापड एकट्याला विणता येई. मोठ्या पन्ह्यासाठी मागावर दोन माणसे लागत. लँकेशायरमधील बरी गावच्या जॉन के याने १७३३ साली दोरीच्या झटक्याने आपोआप धावणाऱ्या धोट्याचा परवाना घेतला. एका माणसाचे काम वाचले आणि विणकामाचा वेगही वाढला. कारखानदारांनी हा धोटा सर्रास वापरला, पण के याचे पैसे बुडविण्यासाठी त्यांनी मंडळ्या स्थापून कोर्टकचेऱ्या केल्या. दुसरीकडे रोजगार जाईल या भीतीने विणकर त्याच्यावर उलटले आणि १७५३ मध्ये त्याच्या घरावर जमाव चालून गेला. पुढे फ्रान्समध्ये विपन्नावस्थेत त्याचा अंत झाला.

धोटा वेगवान झाला, तेव्हा सुताची टंचाई भासू लागली. साध्या चरख्यावर एका वेळी एकच धागा निघतो. एका विणकराला पुरेल इतके सूत कातण्यास चार-पाच जणींचे हात लागत. ही कोंडी जेम्स हारग्रीव्ह्ज या निरक्षर विणकराने १७६४-६५ च्या सुमारास फोडली. त्याच्या 'स्पिनिंग जेनी' या यंत्रात एकच चाक फिरवून प्रथम आठ चात्यांवर एकदम सूत निघू लागले. यंत्र लहान होते, घरातच बसविता येई, म्हणून ते लवकर पसरले. परंतु त्याच्याही नशिबी तेच आले. १७६८ मध्ये संतप्त जमावाने त्याची यंत्रे फोडली आणि त्याला गाव सोडून नॉटिंगहॅमला जावे लागले.

जेनीचे सूत मऊ असे. ते बाण्याला चाले, पण मागावर ताणून बसविण्याच्या ताण्याला ते टिकत नसे. म्हणून इंग्लंडमध्ये ताणा जवसाच्या धाग्याचा आणि बाणा कापसाचा, असे मिश्र कापड विणले जाई. प्रेस्टन येथील रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी व केसांचे टोप करणारा. त्याने १७६९ साली रुळांच्या जोड्या वेगवेगळ्या गतीने फिरवून पेळू ओढणाऱ्या यंत्राचा परवाना घेतला. या 'वॉटर फ्रेम'वरील सूत पीळदार व बळकट असल्याने ताणा व बाणा दोन्ही कापसाचे घेणे शक्य झाले. १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या निव्वळ सुती कापडावरील बंधने संसदेने उठविली. जी बंदी भारताच्या मालाला रोखण्यासाठी आली होती, तिच्या आडोशाने तेथील उद्योग आपल्या पायांवर उभा राहिला.

हे यंत्र घरात मावणारे नव्हते. त्याला पाणचक्कीचे बळ लागे. म्हणून आर्कराइटने १७७१ साली डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड येथे गिरणी उभारली, कामगारांसाठी घरे बांधली आणि बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत रात्रंदिवस काम सुरू केले. घंटा वाजली की आत जायचे, उशीर झाला तर दंड भरायचा, ही शिस्त शेतीच्या ऋतुमानाने जगणाऱ्या लोकांना सर्वस्वी नवी होती. यंत्राच्या कल्पनेवर इतरांनीही हक्क सांगितल्याने १७८५ मध्ये त्याचे परवाने रद्द झाले. तरीही १७९२ साली मृत्यूच्या वेळी त्याची मालमत्ता सुमारे पाच लाख पौंडांची होती. यंत्रापेक्षाही कारखान्याची व्यवस्था हा त्याचा खरा शोध म्हणावा लागेल. क्रॉमफर्ड व आसपासच्या गिरण्यांचा समावेश २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आहे.

जेनी आणि वॉटर फ्रेम यांचे गुण एकत्र आणण्याचे काम बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये केले. हा तरुण सूत कातणाऱ्या विधवा मातेच्या हाताखाली वाढला होता. सतत तुटणाऱ्या धाग्याचा त्याला लहानपणापासून वैताग असे. यंत्राच्या खर्चासाठी तो नाटकगृहात व्हायोलिन वाजवून पैसे मिळवी. दोन यंत्रांचा संकर म्हणून त्याच्या यंत्राला 'म्यूल' म्हणजे खेचर हे नाव पडले. त्यावर मलमलीच्या तोडीचे बारीक सूत निघू लागले. परवाना घेण्याइतके पैसे नसल्याने कारखानदारांच्या वर्गणीच्या आश्वासनावर त्याने यंत्राचे रहस्य खुले केले, आणि हाती आले ते जेमतेम ६० पौंड. १८११ च्या सुमारास त्याने स्वतः गिरण्या फिरून मोजणी केली, तेव्हा त्याच्या पद्धतीच्या ४० लाखांहून अधिक चात्या चालू होत्या. संसदेने १८१२ मध्ये त्याला ५,००० पौंड देऊन बोळवण केली.

या शोधांचा परिणाम किती मोठा होता, हे व्यापाऱ्याला आकड्यांवरून चटकन कळेल. १०० पौंड कापूस कातण्यास भारतातील हातकताईला सुमारे ५०,००० तास लागत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. क्रॉम्प्टनच्या म्यूलने ते काम सुमारे २,००० तासांवर आणले आणि १८२५ नंतरच्या स्वयंचलित म्यूलने अवघ्या १३५ तासांवर. १७८६ मध्ये १०० नंबरच्या एक पौंड सुताचा भाव ३८ शिलिंग होता. १८०७ मध्ये तो सात शिलिंगांच्या आत आला. ज्या कष्टकऱ्याच्या अंगावर वर्षानुवर्षे एकच लोकरी कपडा असे, त्याला धुता येण्याजोगे सुती कपड्यांचे दोन-तीन जोड मिळू लागले. स्वच्छतेच्या आणि आरोग्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हता. जमेची ही बाजू आपण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे.

वाफ, रंग आणि आगगाडी

ओढ्याकाठची गिरणी शहरात आणण्याचे श्रेय वाफेला जाते. जेम्स वॅटने १७६९ मध्ये सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाचा परवाना घेतला, १७८१ मध्ये त्यातून चक्राकार गती मिळविली आणि १७८५ साली नॉटिंगहॅमशायरमधील पॅपलविक येथे सूतगिरणीला प्रथम त्याचे इंजिन जोडले गेले. १८०५-०६ मध्ये सॅलफर्डच्या एका गिरणीत गॅसचे दिवे लागले आणि सूर्यास्ताचा कामाशी असलेला संबंध तुटला.

कापडाची पुढची प्रक्रियाही अशीच बदलली. पूर्वी कोरे कापड आंबट ताकात भिजवून, हिरवळीवर उन्हात पसरून पांढरे करण्यास कित्येक महिने लागत. १७९९ मध्ये चार्ल्स टेनंटने ब्लिचिंग पावडरचा परवाना घेतला आणि हे काम काही दिवसांवर आले. १७८३ साली थॉमस बेल याने तांब्याच्या रुळांनी छपाई करण्याची युक्ती काढली, त्यामुळे ठशाने एकेक फूल उठविणारा छिपा मागे पडला. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती डांबरापासून जांभळा रंग लागला आणि मंजिष्ठा व नीळ यांच्या शेतीला उतरती कळा लागण्याचा पाया घातला गेला. १८३० मध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. सकाळी बंदरात उतरलेली कापसाची गासडी संध्याकाळपूर्वी गिरणीत पोहोचू लागली. १८०१ मध्ये सुमारे ७५ हजार वस्तीचे मँचेस्टर १८५१ मध्ये तीन लाखांचे झाले.

विणकराचा अस्त

आता नावेची बाजू पाहू. सूत मुबलक झाल्यावर काही काळ हातमाग विणकरांची चैन झाली. त्यांना आठवड्याला वीस शिलिंगांहून अधिक मिळत. शेती सोडून लोक मागावर बसू लागले. परंतु एडमंड कार्टराइट या धर्मोपदेशकाने १७८५ मध्ये यंत्रमागाचा परवाना घेतला होता. त्याचे पहिले यंत्र ओबडधोबड होते, पण इतरांनी ते सुधारले. १८१३ मध्ये ब्रिटनमध्ये जेमतेम २,४०० यंत्रमाग होते. १८३३ मध्ये ते एक लाखाच्या घरात गेले. त्याच काळात सुमारे अडीच लाख हातमाग विणकरांची मजुरी घसरत घसरत आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर आली. पुढील पिढीत ही जमात जवळजवळ नामशेष झाली.

विणकर आपला मागच नव्हे, तर आपले स्वातंत्र्य गमावत होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेने, पत्नी सूत कातीत आणि मुले पेळू वळीत असताना तो काम करी. त्या कुटुंबाची घडी मोडली. १८११ पासून नॉटिंगहॅम, यॉर्कशायर व लँकेशायरमध्ये 'लडाइट' म्हणविणाऱ्या कारागिरांनी रात्री यंत्रे फोडण्यास प्रारंभ केला. सरकारने १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्यास देहदंडाची शिक्षा ठरविली. कवी लॉर्ड बायरन याने उमरावांच्या सभागृहात या कायद्याला विरोध केला, पण तो एकाकी पडला. १८१३ मध्ये यॉर्क येथे १७ जणांना फाशी देण्यात आले. पुढे १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकार मागण्यासाठी सुमारे ६० हजार स्त्री-पुरुष निःशस्त्र जमले असता त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले. त्यात पंधराहून अधिक जणांनी प्राण गमावले. मृत व जखमींत विणकरांची संख्या मोठी होती.

याच लाटेचा तडाखा आपल्या विणकरांनाही बसला. आपल्या कापडावर इंग्लंडमध्ये जबर जकात आणि त्यांच्या कापडावर येथे नाममात्र, अशा विषम सामन्यात येथील हातमाग टिकाव धरणे कठीण होते. मलमलीसाठी जगप्रसिद्ध असलेल्या ढाक्याची वस्ती दीड लाखावरून तीस-चाळीस हजारांवर आल्याची साक्ष १८४० मध्ये खुद्द ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे देण्यात आली.

मुलांच्या खांद्यावरचे ओझे

सर्वांत दुबळे खांदे मुलांचे. यंत्राला ताकद नको होती, चपळ बोटे हवी होती. तुटलेला धागा सांधण्यासाठी आणि चालत्या म्यूलखाली रांगत जाऊन कापसाची कस्पटे गोळा करण्यासाठी लहान मुले सोयीची ठरली. लंडनच्या अनाथालयांतून मुलांच्या टोळ्या गाड्यांत घालून उत्तरेकडील गिरण्यांना पाठविल्या जात. मुलांना अन्न-वस्त्र मिळे, पण वेतन नाही, आणि एकवीस वर्षांचे होईतो सुटका नाही.

रॉबर्ट ब्लिंको हा असाच एक अनाथ. १७९९ मध्ये सुमारे सात वर्षांचा असताना त्याला नॉटिंगहॅमजवळच्या गिरणीत पाठविण्यात आले. तेथे मेजवानीचे जेवण मिळेल, घोड्यावर बसायला मिळेल, असे मुलांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात चौदा-चौदा तास काम, निकृष्ट अन्न आणि मार त्यांच्या वाट्याला आला. त्याची हकिकत १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा इंग्लंड हादरले. पुढे ब्लिंकोने सुतगिरण्यांतील निरुपयोगी कापसाचा छोटा व्यापार केला, मुलांना शिकविले आणि त्याचा मुलगा केंब्रिजचा पदवीधर होऊन धर्मोपदेशक झाला. ज्याने स्वतः शाळा पाहिली नाही, त्याने मिळकत मुलांच्या विद्येवर खर्च केली, ही गोष्ट विद्यादानाला महत्त्व देणाऱ्या आपल्या समाजाला विशेष भावेल.

अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन्ही अतिचार त्या गिरण्यांत एका छताखाली घडत होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अनेक मालक वैयक्तिक जीवनात धर्मशील होते, रविवारी नेमाने प्रार्थनेला जात. हिशेबाच्या वहीत मुलांचा थकवा लिहिण्याचा रकाना नव्हता, म्हणून तो त्यांना दिसला नाही.

सरकी आणि साखळदंड

लँकेशायरच्या चात्यांना लागणारा कापूस इंग्लंडमध्ये पिकत नव्हता. १८०० मध्ये सुमारे साडेपाच कोटी पौंड आणि १८५० मध्ये साठ कोटींहून अधिक पौंड कापूस तेथे आयात झाला. तो आला कोठून? अमेरिकेच्या दक्षिणेतील आखूड धाग्याच्या कापसाची सरकी बोंडाला इतकी चिकटलेली असे की एक माणूस दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई काढी. एली व्हिटनी याने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि हे काम पन्नासपट सोपे झाले.

सरकी काढणाऱ्याचे श्रम वाचले, म्हणजे गुलामांचे ओझे घटले असेल असे वाटते. घडले नेमके उलट. कापूस किफायतीचा झाल्याने नवनव्या जमिनी लागवडीखाली आल्या आणि वेचणीसाठी गुलामांची मागणी वाढली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ४० लाखांच्या जवळ पोहोचले. लिव्हरपूलला उतरणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस त्यांच्या हातांनी वेचलेला होता. आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्याचा उल्लेख आहे आणि त्यात दास-दासींच्या विक्रीचा समावेश केला जातो. मँचेस्टरचा व्यापारी स्वतः गुलाम विकत घेत नव्हता. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार आणि १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामगिरीही कायद्याने संपविली होती. तरी त्याच्या पेढीवरील प्रत्येक थानात गुलामाचा घाम विणलेला होता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. लाखो कामगार उपाशी राहिले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमधील सभेत कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या अध्यक्ष लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठविले. लिंकन यांनी जानेवारी १८६३ मध्ये कृतज्ञतेने त्याला उत्तर दिले. स्वतःची चूल विझलेली असताना सातासमुद्रापलीकडील बांधवांच्या बेड्या तुटाव्यात असे म्हणणारी ती माणसे खऱ्या अर्थाने त्यागी होती.

याच कापूस-टंचाईमुळे मुंबईत पैशांचा पाऊस पडला. आपल्या समाजातील थोर व्यापारी प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे कापूस-बाजाराचे अनभिषिक्त राजे. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला आणि तेही होरपळले. पण तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेले दान टिकून राहिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा त्यांच्या मातोश्रींच्या नावाने आजही उभा आहे. दृष्टी अधू झालेल्या मातेला सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे म्हणून घड्याळाच्या ठोक्यांची योजना झाली, असे परंपरेने सांगितले जाते. मिळविलेले गेले आणि दिलेले राहिले, हा त्यातील बोध.

मर्यादेचा कायदा

इंग्लंडच्या समाजाने हा अतिभार कायम सोसला नाही, ही या इतिहासातील आशादायक बाजू. सुधारणेची सुरुवात करणाऱ्यांत गिरणीमालकही होते. रॉबर्ट ओवेन याने १८०० पासून स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील गिरणी चालविताना दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले, त्यांच्यासाठी शाळा काढली आणि तरीही नफा मिळवून दाखविला. दया केली तर धंदा बुडतो, हा समज त्याने खोटा ठरविला.

१८०२ आणि १८१९ चे कायदे कागदावरच राहिले, कारण तपासणीची व्यवस्था नव्हती. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मनाई केली, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, शिक्षण सक्तीचे केले आणि चार सरकारी निरीक्षक नेमले. १८४७ मध्ये स्त्रिया व अल्पवयीन यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला. तो संसदेत मांडणारे जॉन फील्डन हे टॉडमॉर्डनचे मोठे गिरणीमालक होते. वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी वडिलांच्या गिरणीत काम केले होते. त्या थकव्याची आठवण ते मालक झाल्यावरही विसरले नाहीत. १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला त्यांचे काम थांबू लागले. कायदे झाले म्हणून गिरण्या बुडाल्या नाहीत. उलट पुढील काही दशके लँकेशायरच्या भरभराटीची ठरली.

कामगारांनी स्वतःही मार्ग शोधला. १८४४ मध्ये रॉचडेल येथे २८ जणांनी, ज्यांत विणकर बरेच होते, २८ पौंडांच्या भांडवलावर लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या विकणारे छोटे दुकान काढले. शुद्ध माल, चोख माप, रोखीचा व्यवहार आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी हे त्यांचे नियम. जगभरच्या सहकारी चळवळीने हे नियम आदर्श मानले आणि महाराष्ट्रातील सहकारी ग्राहक भांडारांचे मूळही तेथेच सापडते. चोख माप हे तर आपल्या अचौर्य अणुव्रताचेच अंग आहे.

आपल्या भूमीवर

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. इंग्लंडमधील यंत्रांबरोबर तेथील दोषही येथे आले. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त सात वर्षांखालील मुलांना मनाई केली होती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर करून साप्ताहिक सुट्टी, मध्यान्हीची विश्रांती आणि वेळेवर पगार मागितला. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी मिळाली. लँकेशायरच्या मालकांनाही हा कायदा हवा होता, कारण मुंबईचा माल त्यांना जड जाऊ लागला होता. स्वार्थ आणि परमार्थ इतिहासात असे अनेकदा एका गाडीतून प्रवास करतात.

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनामुळे पुढे त्या गावाला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' ही ओळख लाभली. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले महात्मा गांधी मुद्दाम लँकेशायरच्या डार्वेन गावी गेले. स्वदेशीच्या चळवळीमुळे तेथील कामगार बेकार झाले होते, तरी त्यांनी गांधीजींचे प्रेमाने स्वागत केले. भारतातील दारिद्र्य त्यांच्या बेकारीहून कितीतरी खोल आहे, हे गांधीजींनी त्यांना समजावून सांगितले. चरख्याला मागे टाकून ज्या परगण्याने साम्राज्य उभारले, तेथेच चरख्याचा पुरस्कर्ता पाहुणा म्हणून गेला होता.

उपसंहार

१७३३ च्या धोट्यापासून सुरू झालेला हा हिशेब अजून बंद झालेला नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे तयार कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलाविण्यात आले. ज्या ढाक्याचा विणकर दोनशे वर्षांपूर्वी स्वस्त कापडाने देशोधडीला लावला, त्याच परिसरात पुन्हा स्वस्त कापडानेच बळी घेतले.

यंत्र स्वतः पापी नसते आणि पुण्यवानही नसते. के, हारग्रीव्ह्ज, क्रॉम्प्टन यांच्या मनात कोणाचे अहित नव्हते. त्यांच्या यंत्रांनी उघड्या अंगाला वस्त्र दिले. परंतु वाचलेल्या श्रमाचा लाभ आपोआप दुबळ्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी कोणीतरी मर्यादा घालावी लागते. इंग्लंडला ती मर्यादा कायद्याने घालावी लागली, आणि त्यासाठी एका पिढीच्या बालपणाची किंमत मोजावी लागली. आपल्या धर्माने ती मर्यादा परिग्रह-परिमाणाच्या रूपाने श्रावकाला स्वतःहून घालून घेण्यास सांगितली आहे. ज्याने आपल्या संग्रहाला सीमा घातली, त्याला दुसऱ्याच्या पाठीवर अधिक ओझे लादण्याचे कारण उरत नाही.

आज संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या रूपाने तशीच नवी यंत्रे आपल्या पेढीच्या दारात उभी आहेत. त्यांना दार लावणे शक्य नाही आणि इष्टही नाही. मात्र दरवेळी एक प्रश्न अवश्य विचारावा: यामुळे कोणाचा भार हलका झाला आणि कोणाचा वाढला? आपल्या दुकानातील हमाल, शिलाईकाम करणारी भगिनी, यंत्रमागावरील रात्रपाळीचा कामगार यांच्यापासून या प्रश्नाचा आरंभ करता येईल. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे धर्माची आणि सेवेची जी परंपरा जपली, ती पुढील पिढ्यांच्या व्यापारातही उतरावी, हीच या सुवर्ण महोत्सवी प्रसंगी मंगल कामना.

जय जिनेंद्र.